कोकमाच्या स्टील टाकीला दुसऱ्याच हंगामात भोक. आता ३१६ घ्यायची का?

रातांबा

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या बचत गटाचं छोटं युनिट आहे. एप्रिल-मेमध्ये हापूसचा पल्प, मग पाऊस लागेपर्यंत कोकम. गेल्या वर्षी स्टीलची ५०० लिटरची टाकी घेतली, बिलावर '३०४' लिहिलंय, म्हणजे स्टीलचा ग्रेड. ३१६ हा त्याहून महाग ग्रेड. आंब्याला काही त्रास झाला नाही. नंतर आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, करून तिच्यात साधारण तीन आठवडे ठेवलं, ते विकलं, टाकी धुऊन बंद केली.

यंदा हंगामासाठी झाकण उघडलं तर तळाच्या जोडाला लागून तपकिरी ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. एक नखाने खरवडला. वरचा गंज निघाला आणि खाली काळं भोक दिसलं. पाणी भरून पाहिलं तर बाहेरून एक थेंब धरतोय, फुगतोय, पडतोय, परत धरतोय. बाहेरच्या पत्र्यावर लाल ओघळ उतरलाय.

ज्याने टाकी बनवली तो म्हणतो, "तुमचं कोकमच तसलं, ३१६ घ्यायला हवी होती." ३१६चं कोटेशन बघून गटातल्या बायका गप्प झाल्या. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. खरंच ३१६ला पर्याय नाही का? आणि या टाकीचं काय करू?

माडाखाली

आगळ आणि स्टील? आमच्या आवशीन ह्या ऐकल्यान तर चुलीतला लाकूड घेवन मागसून धावात. आगळ चिनीमातीच्या बरणीत, नायतर काचेत. तुमका टाकयेत भरूक सांगल्यान कोणी?

फणसपोळी

आगळाने टाकी खाल्ली म्हणजे आगळ अस्सल आहे, पाणी घातलेलं नाही. ताई, दोन लिटर माझ्या नावाने ठेवा.

आर्गन

ताई, मी कुडाळला फॅब्रिकेशनचं काम करतो, वीस वर्षं होऊन गेली. ३०४ की ३१६ हे नंतर बघू. आधी मला पाच गोष्टी सांगा. भोकं नेमकी वेल्डवर आहेत, वेल्डपासून बोटभर अंतरावर आहेत की पत्र्यावर कुठेही आहेत? तळ सपाट आहे की उतार दिलाय? वेल्ड आतून केलाय की बाहेरून? धुता कशाने? आणि पाणी कुठलं?

टाकीच्या आत टॉर्च लावून वेल्डचा फोटोही काढा. वेल्डच्या दोन्ही बाजूंना निळा-काळा पट्टा दिसतो का ते बघा.

रातांबा

आर्गनदादा, उत्तरं देते.

भोकं वेल्डच्या कडेने आहेत, बोटभर पट्ट्यातच. वर पत्रा स्वच्छ आहे, फक्त जिथपर्यंत आगळ भरलेलं होतं तिथे फिकट रेघ आहे. तळ सपाट. पूर्ण रिकामी करायची तर एका बाजूला विटा लावून कलती करावी लागते. वेल्ड बाहेरून आहे, आतून फक्त मध्ये मध्ये टाके मारलेत. निळा-काळा पट्टा आहे, बोटाला खरखरीत लागतो.

धुतो विहिरीच्या पाण्याने. मग ब्लिचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवतो, सकाळी ओतून देतो. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

विहीर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मे महिन्यात पाणी मचूळ लागतं.

आर्गन

मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. जरा सविस्तर लिहितो, कारण हा धागा पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

स्टेनलेस म्हणजे गंज न धरणारं नव्हे. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते. दोन-तीन नॅनोमीटर जाडीची, डोळ्याला न दिसणारी. ओरखडा उठला तर ती आपोआप परत धरते. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६मध्ये त्यासोबत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. भाव वाढतो तो या मॉलिब्डेनममुळे आणि जादा निकेलमुळे.

या सायीचा वैरी क्लोराइड. मिठात तेच, समुद्राच्या वाऱ्यात तेच, मचूळ पाण्यात तेच, ब्लिचिंगमध्येही तेच. क्लोराइड एखाद्या कमजोर जागी साय फोडतं आणि आत शिरतं. एकदा खड्डा पडला की खड्ड्यात ऑक्सिजन पोचत नाही, आतला द्रव आणखी आंबट होतो आणि साय परत धरू शकत नाही. म्हणून तोंड टाचणीएवढं आणि आत गाडग्यासारखं पोकळ. तुम्ही खरवडलंत तेव्हा दिसलं ते गाडग्याचं तोंड.

आता कमजोर जागा कुठली? वेल्डच्या कडेचा निळा-काळा पट्टा. वेल्ड करताना पत्रा तापतो, मागच्या बाजूला आर्गन वायू सोडला नसेल तर हवेने जळतो आणि त्या पट्ट्याखालचं क्रोमियम कमी होतं. तो पट्टा पिकलिंग करून, म्हणजे आम्लाची पेस्ट लावून, काढायलाच हवा होता. तुमच्या फॅब्रिकेटरने काढला नाही. वर आतून नुसते टाके मारलेत, म्हणजे दोन टाक्यांच्या मध्ये फट आहे. दाढीच्या ब्लेडचं पातं त्या फटीत घालून बघा. गेलं तर आगळही गेलेलं आहे, आणि धुतल्यावरही ते आतच बसलेलं आहे.

खाडीकाठ

आर्गनशी सहमत, पण ती ३०४ आहे हेच कशावरून? बाजारात २०२ आणि जे-४ सर्रास ३०४ म्हणून खपवतात. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. बघायला तस्संच, चमक तीच. ताईंनी चुंबक लावून बघावा.

आर्गन

खाडीकाठभाऊ, चुंबकाच्या नादाने लोक फसतात. २०२लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४लाही नाही. उलट खरी ३०४ जिथे वाकवलीय त्या कडेला थोडी ओढते, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा. चुंबकाने फक्त ४३०, म्हणजे निकेल नसलेला ग्रेड, पकडता येते.

खरी तपासणी दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे थेंबाची बाटली मिळते, ती बॅटरी लावून पत्र्यावर टाकली की मँगनीज जास्त असलेला माल लाल रंग देतो. मॉलिब्डेनमसाठी वेगळी बाटली. दुसरी म्हणजे हातात धरायची एक्स-रे गन, दहा सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम सगळ्याचे टक्के दाखवते. भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे असते, शब्द टाकला तर दाखवतात. फक्त त्या गनला कार्बन दिसत नाही, म्हणजे ३०४ की ३०४एल हे ती सांगणार नाही. एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. वेल्डिंगच्या कामाला तोच माल बरा.

दर्यावर्दी

रत्नागिरीत मासळीच्या प्लांटवर मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे दिवसरात्र क्लोरीन, मीठ आणि बर्फ. तरी आमची ३०४ची काही टेबलं दहा वर्षांहून जुनी आहेत, आणि बाजूलाच ३१६चा एक कन्व्हेयर तिसऱ्या वर्षी फुटला. म्हणून सांगतो, ग्रेडइतकीच धुण्याची रीत महत्त्वाची.

ताई, तुमची ब्लिचिंग पावडर रात्रभर ठेवायची सवय आजपासून बंद करा. पावडर पूर्ण विरघळत नाही. गोळ्या तळाला बसतात आणि प्रत्येक गोळीखाली कडक क्लोरीन एकाच जागी रात्रभर काम करतो. सपाट तळ असला तर विचारूच नका. मी एका टाकीत खड्ड्यांची नक्षी बघितलीय. पावडर जशी सांडली होती तशीच्या तशी उमटलेली.

आमची रीत अशी. आधी साध्या पाण्याने चिकटलेलं काढायचं. मग कॉस्टिक किंवा साबण, गरम. परत पाणी. मग हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, २०० पीपीएमच्या (लिटरला २०० मिलिग्रॅम) वर नाही, दहा मिनिटं आणि बस्स. लगेच गोड्या पाण्याने धुवायचं आणि निथळून कोरडं करायचं. घड्याळ लावून करतो. हायपो आणि आम्ल एकत्र कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, माणूस आडवा होतो. कोकमाची टाकी न धुताच हायपो ओतलं तरी थोडं तेच होतं, कारण कोकमही आम्लच.

माडाखाली

माझ्या प्रश्नाचा उत्तर कोणी दिल्यान नाय. आगळ टाकयेत ठेवूकच कित्या?

आर्गन

माडाखाली बरोबर बोलतायत आणि त्यांच्या आवशीचंही बरोबर. हिशेब मांडतो. मिठाच्या वजनात ६० टक्के क्लोराइड. आगळात लिटरमागे १०० ग्रॅम मीठ धरलं, तुम्ही कदाचित जास्तच घालत असाल, तरी ६० ग्रॅम क्लोराइड, म्हणजे लिटरला ६०,००० मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात साधारण १९,०००. म्हणजे आगळ समुद्राच्या तिप्पट खारं, आणि वर इतकं आंबट की दात शिवशिवतात.

आमच्या धंद्यात ढोबळ मानाने गार पाण्याला ३०४ लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि ३१६ हजारपर्यंत चालते असं धरतात. हे आकडे साध्या पाण्याचे, आंबट असेल तर आणखी खाली. मग ६०,०००ला ३१६ तरी काय पुरी पडणार? ३०४ एका हंगामात गेली, ३१६ दोन-तीन हंगामांत जाईल. ज्याने ३१६ सुचवली त्याने तुमचा खर्च वाढवला, रोग तसाच ठेवला.

रातांबा

हे वाचून मी गटाच्या बैठकीत वहीवर हिशेब मांडून दाखवला. आमच्यातल्या एका वयस्क काकी म्हणाल्या, आम्ही मीठ लावलेली कोकमं तांब्या-पितळेत कधी घातली नाहीत, कल्हई असली तरी नाही, तर स्टीलमध्ये कशी घातली? त्यांना हे पहिल्यापासून खटकत होतं. स्टील नवीन, महाग, चकचकीत, म्हणून बोलल्या नाहीत.

ब्लेड घालून बघितलं. अर्धं पातं आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला लाल-काळा चिकट लगदा. वास घेतला. आगळाचाच, दहा महिन्यांनंतर.

चिरेबंदी

जांभ्याची धूळ तर नाही ना? आमच्या शेजारी चिरेखाण आहे. सगळी भांडी लाल होतात.

आर्गन

चिरेबंदीदादा, जांभ्याची धूळ ओल्या फडक्याने पुसली की जाते, खड्डा पाडत नाही. खरा त्रास लोखंडाच्या भुशाचा. शेडमध्ये छपराचे लोखंडी अँगल कापताना ग्राइंडरच्या ठिणग्या स्टीलवर उडाल्या की त्या चिकटून बसतात आणि पहिल्या दमट रात्री गंजतात. लोखंडावर वापरलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश स्टीलवर चालवला तरी तेच. माझ्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेसच्या डिस्कना हिरवा रंग मारून वेगळ्या पेटीत ठेवतो. पोराने चुकून उचलली तर मी काम थांबवतो.

चिरेबंदी

अच्छा. मग आमची गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी काजू युनिटमध्ये नवीन लाद्या बसवल्या. गवंड्याने शेवटी सिमेंटचे डाग काढायला ॲसिडने फरशी धुतली. यंत्रांना ॲसिडचा थेंबही लागला नव्हता, सगळी झाकून ठेवली होती. रात्री दारं बंद. सकाळी बघतो तर स्टीलच्या टेबलांवर, ट्रेवर, सगळीकडे तपकिरी बारीक ठिपके. आम्हाला वाटलं माल खोटा दिला.

दर्यावर्दी

माल खरा असेल. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्याची वाफ पुरते. संडास साफ करायच्या बाटलीतही तेच असतं, आणि "चमक येते" म्हणून लोक त्याने स्टीलची भांडी घासतात. आमच्याकडे ती बाटली प्लांटच्या फाटकातून आत येत नाही.

कुळीथ

विषय थोडा बाजूला नेतोय, पण ही मंडळी एकत्र सापडलीत तर विचारतो. वाफेच्या जॅकेटवाली (दुहेरी भिंतीची, मधून वाफ जाते) टिल्टिंग केटल आहे, २०० लिटरची. आंब्याचा पल्प तळाला करपतो. मधेच करपट वास येतो आणि अख्खा घाणा वाया. दाब वाढवून बघितला, कमी करून बघितला. फॅब्रिकेटर म्हणतो ढवळणी वाढवा.

दर्यावर्दी

जॅकेटमधून पाणी नीट निघतंय का? स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, त्याच्यानंतरचा पाइप बघा. ट्रॅप अडकला की जॅकेटच्या खालच्या भागात पाणी साठतं. तिथे गरम पाणी, वर वाफ. कडा तापतात, तळ थंड, मग तुम्ही दाब वाढवता. १ बारला वाफ १२० अंश, ३ बारला १४३च्या आसपास. वरच्या पट्ट्यात पल्प जळतो, तो खरवडून खाली येतो आणि तुम्हाला वाटतं तळाला करपला.

हवाही बघा. सकाळी पहिल्यांदा वाफ सोडताना जॅकेटच्या वरचा एअर व्हेंट उघडून हवा जाऊ द्या, नुसती वाफ यायला लागली की बंद करा. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला सेट आहे ते पाटीवर वाचून मगच दाबाला हात लावा.

कुळीथ

ट्रॅप उघडला. आत गंजाचा चिखल. साफ केला, आधी जाळी बसवली. आजचा घाणा १ बारला निघाला, पिवळाधमक, वास नाही! दर्यावर्दीदादा, हंगाम वाचवलात.

उघडताना एक दिसलं. जॅकेटच्या बाहेर काचलोकरीचं वेष्टण आहे, ते खालून ओलं असतं. तिथे पत्र्यावर बारीक केसासारख्या चिरा आहेत, झाडाच्या मुळांसारख्या फुटत गेलेल्या. वाफ येत नाही अजून.

आर्गन

कुळीथदादा, ती केटल वाफेवर लावू नका. आत्ताच थांबवा.

हे गंजणं नाही, तडकणं आहे. क्लोराइड, साठ अंशांच्या वरची उष्णता आणि पत्र्यातला ताण, तिन्ही एकत्र आले की ३०४ आणि ३१६ दोन्ही अशाच मुळ्या-मुळ्यांनी तडकतात. फरशी धुतलेलं खारं पाणी लोकरीत चढतं, उष्णतेने पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. दर वेळी थोडं थोडं जाड होत जातं. बाहेरून वेष्टण चकचकीत, आत हे. चिरेवर वेल्ड मारलात तर बाजूला नवीन चीर जाईल, कारण वेल्डने ताण आणखी वाढतो. जॅकेटचा तो भाग कापून नवीन पत्रा घालावा लागेल आणि नंतर पाण्याच्या दाबावर टेस्ट. वाफेचं भांडं आहे, आजूबाजूला माणसं उभी असतात.

कुळीथ

बंद केली. उद्यापासून शेजारच्या युनिटची केटल भाड्याने घेतोय. धन्यवाद. खरंच.

मिऱ्या

माझं घर मिऱ्या बंदराकडे. गच्चीचं स्टीलचं रेलिंग चहा सांडल्यासारखं तपकिरी होतं. गंमत म्हणजे जिथे पाऊस थेट लागतो तो भाग स्वच्छ आणि पत्र्याखालचा आडोशाचा भाग डागाळलेला. उलट व्हायला हवं ना?

दर्यावर्दी

नाही, असंच होतं. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाला मीठ येऊन बसतं, धुतलं जात नाही, रात्रीच्या दमटपणात पाझरतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसा, पत्र्याखालचा भाग विसरू नका. युनिटमध्येही हेच बघा. टेबलाची वरची बाजू रोज धुतात, खालची बाजू आणि पायांचे सांधे कोणी बघत नाही. आमच्याकडे पहिला गंज नेहमी टेबलाखाली सापडतो.

सोलकढी

पल्परच्या चाळणीचे नट दर हंगामाला जाम होतात. पाना लावला की बोल्टच तुटतो. स्टीलचा नट, स्टीलचा बोल्ट, गंज नाही, काही नाही, तरी जणू वेल्ड झालाय.

आर्गन

वेल्डच झालाय, थंड वेल्ड. एकाच जातीचं स्टेनलेस एकमेकांवर घासलं की साय निघते आणि आटे एकमेकांना धरतात. पान्याने जोरात, मशीनने भरभर फिरवलं की हमखास. हाताने सावकाश फिरवा, खाद्य कामाला चालणारं ग्रीस लावा, नट आणि बोल्ट वेगळ्या ग्रेडचे घ्या. अडला तर जोर करू नका, मागे फिरवा.

रातांबा

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण मधल्या काळात बरंच झालं.

विहिरीचं पाणी तपासून आणलं. क्लोराइड लिटरला ७८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५०पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर १०००पर्यंत चालतं असं लिहिलंय. म्हणजे आमचं पाणी कसंबसं पिण्यालायक, पण टाकी धुवायला वाईट. शेवटचं धुणं आता नळाच्या पाण्याने करतोय. वरच्या वाडीतून येतं ते, गोड आहे.

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नव्हती. गेल्या पावसाळ्यात टाकी बंद केली तेव्हा तळाशी वीतभर पाणी राहिलं होतं. सपाट तळ, निघेना, तसंच ठेवून झाकण लावलं. जूनपासून मार्चपर्यंत. वर प्लास्टिकचा कागदही बांधला होता, धूळ जाऊ नये म्हणून.

एक्स-रे गनही लावून घेतली. क्रोमियम १८.१, निकेल ८.०. माल खराच ३०४. त्या माणसाला मी मनात फार बोलले होते. माल त्याने खरा दिला, जोड मात्र वाईट दिला.

दर्यावर्दी

पाणी साठून राहणं हेच सगळ्यात वाईट, ताई. ते हळूहळू उडतं, क्लोराइड मागे राहून दाट होत जातं. प्लास्टिक बांधलंत म्हणून आत घामही धरला. बंद करताना टाकी कोरडी, झाकण थोडं उघडं, जाळीचं फडकं बांधून. पंपाचं पाणी काढायचं, व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवायचे. आणि बॉल व्हॉल्व्ह असेल तर तो खोलून बघाच. गोळ्याच्या मागे पल्प अडकतो, वर्षभर. पल्पला बटरफ्लाय व्हॉल्व्ह बरा.

रातांबा

व्हॉल्व्ह खोलला. आत काय होतं ते लिहीत नाही. बटरफ्लाय मागवलाय.

आर्गन

आता दुरुस्ती. पत्रा २ मिलिमीटरचा आहे ना? मग जमेल. कुडाळहून येतो मी, तुमचं युनिट वाटेवरच आहे माझ्या.

तळाचा जोडाचा पट्टा कापून काढू. नवीन तळ उताराचा, मध्यावर निचरा. जोड आतून सलग, कोपरा गोल, एकही फट नाही. बाहेरून आर्गन सोडून वेल्ड करू. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालून भरायचा आणि वरून हवा निघू द्यायची. वेल्ड रुपेरी किंवा फार तर फिकट पिवळा दिसला पाहिजे. नंतर लाल रंगाची टेस्ट. रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. कुठे भोक राहिलं असेल तर पांढऱ्यावर लाल ठिपका उमटतो.

पिकलिंग पेस्ट मी वर्कशॉपवरच लावेन, तुमच्याकडे नाही. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ज्याच्याकडे रबरी हातमोजे, चेहऱ्याचं झाकण आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नाही, त्याने त्या डब्याचं झाकणही उघडू नये.

खाडीकाठ

पिकलिंगनंतर लोखंड राहिलंय का बघायला मोरचुदाचं पाणी लावतात ना? तांबूस झालं की लोखंड आहे.

आर्गन

लावतात, पण खाद्याच्या भांड्याला ती टेस्ट चालत नाही, मानकातच मनाई आहे. तांबं मागे राहतं. त्यापेक्षा सोपं करा. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने धुवा, ते सुटं लोखंड काढतं आणि साय नीट धरू देतं. मग गोड्या पाण्याने ओली करा, वाळू द्या, परत ओली करा. दिवसभर. लोखंड असेल तर ठिपका दिसतो.

फणसपोळी

आणि आगळ?

रातांबा

आगळासाठी खाद्याला चालणारे ५० लिटरचे प्लास्टिकचे ड्रम घेतले, एचडीपीईचे. सगळे मिळून ३१६च्या कोटेशनच्या जवळपासही गेले नाहीत. काकींनी स्वतःच्या घरच्या दोन चिनीमातीच्या बरण्याही आणून ठेवल्यात, म्हणाल्या नमुन्याला असू देत. टाकी आता फक्त आंब्याच्या पल्पला आणि अमृत कोकमच्या साखरेच्या पाकाला. मीठ आणि जिरं आम्ही शेवटी, बाटलीत भरण्याच्या आधी प्लास्टिकच्या भांड्यात मिसळतो.

फणसपोळीदादा, तुमचे दोन लिटर बाजूला काढलेत.

माडाखाली

आता कसा. आवशीक सांगतंय.

सोलकढी

ताई, नवीन यंत्र घेणाऱ्यांसाठी एक लिहा ना, ऑर्डरमध्ये काय मागायचं?

रातांबा

मी आर्गनदादांना विचारून आमच्या पुढच्या ऑर्डरसाठी लिहून ठेवलंय ते असं. पत्र्याचा ग्रेड एलसकट, आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या ज्या वितळीतून पत्रा निघाला तिचा नंबर) पत्र्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, पत्रा कापायच्या आधी आम्ही येऊन बघणार. आतले सगळे वेल्ड सलग, आर्गनने, घासून गुळगुळीत, पिकलिंग करून. तळाला उतार, ओतल्यावर थेंब राहता कामा नये. शेवटचा हप्ता पाणी भरून-काढून बघितल्यावर. बँकेला आणि अनुदानाच्या अर्जाला जे कोटेशन जोडायचं त्यावरच हे सगळं लिहून घ्यायचं. आम्ही सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या योजनेतून घेतली होती, ३५ टक्के अनुदान मिळालं, पण कोटेशनवर फक्त 'एस.एस. टँक ५०० लि.' एवढंच होतं. मग भांडायला हातात काही राहिलं नाही.

खाडीकाठ

टाकी आली का परत?

रातांबा

काल आली. तळ उताराचा आहे, बादली ओतली की पाणी स्वतःच वाट शोधत मध्यावर जातं. वेल्डवर हात फिरवला, कुठे अडकत नाही. काकींनीही फिरवला.

सायट्रिकने धुतली, रात्री ओली करून ठेवली, पहाटे टॉर्च घेऊन आत वाकून बघितलं. तळ स्वच्छ. जोड स्वच्छ. झाकणाच्या बिजागरीखाली, जिथे जुना वेल्ड आहे, तिथे एक ठिपका होता, मोहरीएवढा. त्याच्याभोवती पेन्सिलने गोल केलाय. आर्गनदादा रविवारी येतायत.